मागे छापलेलं उत्तर

(तळेगाव स्टेशनजवळचा क्लास. बॅच सुरू व्हायला अवकाश आहे.)

श्रीपती : एकच गणित, मॅडम. पोरं यायच्या आत जातो.

हर्षदा : बसा ना, आबा. नातवाचं आहे का?

श्रीपती : न्हाई... माझंच. रेल्वेतनं रिटायर झाल्यापास्नं शिकतोय. इंग्रजी शब्द डिक्शनरीत बघतो. हसू नका.

हर्षदा : हसत नाहीये. दाखवा. टी क्यूब, वजा सहा टी स्क्वेअर, अधिक नऊ टी. चार सेकंदांत कणानं कापलेलं एकूण अंतर. किती आलं?

श्रीपती : बारा मीटर. मागं चार छापलंय. सात येळा केलं, बाराच येतंय. माझं कुटं चुकतंय तेवढं सांगा.

हर्षदा : थांबा. वेग शून्य होतो एका सेकंदाला, मग तिसऱ्याला... म्हणजे कण चार मीटर पुढं गेला, चार मागे आला, निघाला तिथंच. मग परत चार पुढं. बाराच की, आबा!

श्रीपती : आन् छापलेलं?

हर्षदा : चूक. शेवटी तो किती लांब आहे, तेवढंच त्यांनी मोजलं. मधलं जाणं-येणं धरलंच नाही.

श्रीपती : नीट बघा, मॅडम. पुस्तक हाय ते.

हर्षदा : पुस्तकंही चुकतात. आणि हे पेन्सिलनं कुणी लिहिलंय? ‘१२. पुस्तक चूक.’

श्रीपती : किरणनं. माझा पोरगा. बारावीला व्हता तवा.

हर्षदा : हुशार आहे हो!

श्रीपती : मी सातवी शिकल्याला. म्हणलं, छापणारे येडे आन् तू एकटा शाणा? शेजाऱ्यांदेखत थोबाडीत मारली. परीक्षेलाच बसला न्हाई मग.

हर्षदा : आता कुठं असतो?

श्रीपती : वापीला, कंपनीत. त्याची आई गेली तवा आलता. दोन दिस ऱ्हायला. जेवताना मीठ मागितलं, तेवढंच बोलला.

हर्षदा : फोन करा त्याला. सांगा, बारा बरोबर होतं.

श्रीपती : वीस वर्सांनी?

हर्षदा : उत्तर बदललं नाहीये, आबा. नंबर आहे ना?

श्रीपती : पाठ हाय. रोज नऊ आकडे दाबतो.

हर्षदा : आणि दहावा?

श्रीपती : सात... मॅडम, जरा फळ्याकडं तोंड करता का?