डोळा तुझा की माशाचा?

...आणि वर म्हणे, वाकायचं नाही! तुम्हाला सांगतो, मोतीबिंदू काढला, डोळ्यावर प्लास्टिकचं झाकण चिकटवलं, आणि डॉक्टरीणबाई काय म्हणतात, तर "ऑडवार, काही दिवस खाली वाकायचं नाही हं." अहो बाई, मी सॅमन माशांची पिल्लं सांभाळतो. माझा जन्म वाकण्यात गेला. टाकीत पाहायचं तर वाका, दाणे टाकायचे तर वाका, मेलेलं पिल्लू काढायचं तर वाका. वर बघून करायचं असं आमच्या धंद्यात एकच काम, पाऊस थांबला का ते बघणं, आणि आमच्या खाडीत त्याला काही अर्थ नाही.

बरं, ऑपरेशन मी काय हौसेनं केलं? या पिल्लांपायी केलं. झालं असं, की हिवाळा सरत आला, पिल्लांच्या अंगावर चांदी चढायला लागली. चांदी चढली म्हणजे समुद्रात जायचे दिवस आले. पोरगी लग्नाला आली की घरात जी धावपळ होते ना, ती आमच्याकडे दर वसंतात असते. आणि मी टाकीत बघतो तर काय, पिल्लांचे डोळे पांढुरके. काळाभोर मणी हवा तिथे दूध सांडल्यासारखं. धावत गेलो योरुनकडे. योरुन म्हणजे आमच्या पिल्लं वाढवायच्या केंद्राची प्रमुख, माशांचं शिक्षण घेतलेली, पण शिक्षणाचा तोरा नाही. म्हटलं, "योरुन, पोरं आंधळी व्हायला लागलीत." तिनं एक पिल्लू धरलं, उजेडात इकडून तिकडून फिरवलं. "मला तर ठीक वाटतोय डोळा," म्हणाली. मग माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि म्हाताऱ्या माणसाला घरी पाठवताना आवाज जसा मऊ करतात तसा मऊ करून विचारलं, "ऑडवार, डोळा तुझा की माशाचा?"

झालं! गावभर तेच. पावाच्या दुकानात तेच, चर्चच्या पायरीवर तेच. आणि घरी बोरगिल, म्हणजे माझी बायको. ती गेली दोन वर्षं माझ्या डोळ्यांच्या मागे लागलेली. "परवा माझ्या बहिणीला तू 'या पोस्टमनसाहेब' म्हणालास, ते काय माशाच्या डोळ्यानं?" आता या बाईशी कोण वाद घालणार? म्हटलं ठीक आहे, काढा माझा मोतीबिंदू, म्हणजे तरी पटेल कुणाचं काय ते. भीती किती वाटली विचारू नका. सुरी डोळ्यात जाणार, आणि ती येताना मला दिसणार. पण गेलो.

तर परत आलो त्याच दिवशी धक्क्याला बोट लागलेली. पोटात पाणी भरून जिवंत मासे नेते ना, ती. जाडजूड नळी टाकीपर्यंत आणून ठेवलेली, पंप तेवढा सुरू व्हायचा बाकी. बोटीचा कप्तान शार्तान, नाकावर बाटलीच्या बुडाएवढा चष्मा, सारखा घड्याळ बघतोय. "चला, चला, ओहोटी माझ्यासाठी थांबत नाही."

मी टाकीपाशी गेलो. मागे बोरगिल, माझ्या जाकिटाची कॉलर मुठीत धरून, बकऱ्याला बाजारात नेतात तसं. "वाकायचं नाही." म्हटलं, नाही वाकत. आणि सरळ फळ्यांवर पालथा पडलो. "हे काय?" "हे झोपणं आहे, डॉक्टरीण झोपण्याबद्दल काही बोलली नाही." झाकण वर सरकवलं. जुना डोळा मिटला, नवा उघडला... आणि तुम्हाला सांगतो, लख्ख दिसलं. पाणी स्वच्छ, खवले स्वच्छ, माझ्याच हातावरचा केस न केस दिसतोय, आणि त्या काळ्या डोळ्यांत मधोमध पांढरा ठिपका. एकात, दुसऱ्यात, तिसऱ्यात. काही तर पुरते पांढरे. मी पाण्यावर हात उचलला. एरवी हाताची सावली पडली की टाकी उसळते. काही पिल्लं उसळली, पण कितीतरी तशीच पोहत राहिली. हात आहे की नाही, पत्ताच नाही त्यांना.

आता बघा, समुद्रातल्या त्या एवढ्या मोठ्या जाळ्याच्या पिंजऱ्यात वरून दाणे पडतात, ते बघून पकडायचे असतात. ज्याला दिसत नाही तो खाणार काय? अंड्यातून निघाल्यापासून वाढवलेली पोरं ती. भरल्या पानावर उपाशी मरणार, आणि आम्ही हात हलवून निरोप देणार. मी ओरडलो, "पंप लावू नका!"

शार्तान आला. "आजोबा, डोळा तुमचा की माशाचा?" मी म्हटलं, माझा नवा आहे, वाटल्यास पावती दाखवतो. पण योरुन हसली नाही. गुडघ्यावर बसली, पिल्लू हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "ठिपका आहे," म्हणाली, "पण किती खोल ते असं कळत नाही. माशांचा डॉक्टर खाडीपलीकडे, फेरीबोटीनं तो येईपर्यंत..." शार्तान घड्याळ दाखवतोय, पंपावरचा माणूस बटणावर बोट ठेवून उभा, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. बोट परत पाठवली आणि खोटं निघालं तर तिची नोकरी गेली. पाठवली नाही आणि खरं निघालं तर पिल्लं गेली. एवढीशी पोर ती, ओठ चावत उभी.

आणि मग ती काय म्हणाली असेल? "एल्बियॉर्गकडे यंत्र आहे."

एल्बियॉर्ग म्हणजे धक्क्यावरची चष्मेवाली! निघाली वरात. पुढे योरुन बादली घेऊन, बादलीत गुंगीचं औषध दिलेली पिल्लं, मागे शार्तान कुरकुरत, त्याच्या मागे मी ताठ मानेनं, आणि माझी कॉलर धरून बोरगिल. एल्बियॉर्ग विचारते, "चष्मा जवळचा हवा की लांबचा?" मग ते यंत्र नाही का, हनुवटी टेकवायचं, तिथे ओल्या फडक्यात गुंडाळून पिल्लू धरलं. तिनं दिव्याची बारीक रेघ डोळ्यात सोडली. भिंगाला डोळा लावून निरखलं. दुसरं पिल्लू. तिसरं. शेवटी मान वर केली. "माणूस असता तर म्हटलं असतं, ऑपरेशनची तारीख घ्या. डोळा माशाचाच आहे बाबांनो."

योरुननं तिथूनच खाद्यवाल्याला फोन लावला. या हिवाळ्यात खाद्य बदललं होतं ना, माशांची भुकटी कमी, सोयाबीन आणि वाटाणा जास्त, आम्हीच हौसेनं घेतलं होतं. खाद्यवाला म्हणे, "अहो, प्रथिनं तेवढीच आहेत, टक्काभर कमी नाही." शार्तान लगेच, "मीही जन्मभर पाव आणि तपकिरी चीजच खातो डब्यात, मला काय झालं?" सगळ्यांनी त्याच्या चष्म्याकडे पाहिलं.

योरुन म्हणाली, "शार्तान, होडी बांधायला तुला सामान दिलं, वजन ठरल्याएवढं, पण नुसत्या फळ्या, खिळेच कमी, तर? प्रथिन म्हणजे एक वस्तू नाही, ते कितीतरी अमिनो आम्लांचं सामान असतं. त्यातलं हिस्टिडिन मासा स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच मिळायला हवं. तेच डोळ्याचं भिंग स्वच्छ ठेवतं. आणि समुद्रात जायच्या आधी पिल्लं भराभर वाढतात, तेव्हा तर ते जास्तच लागतं." मग माझ्याकडे वळली. "पण ऑडवार, तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा खरंच दिसलं होतं तुला?" आता काय सांगू? जुन्या डोळ्याला मला कॉफीसुद्धा पांढरी दिसायची. मी छताकडे बघितलं. वाकायचं नव्हतंच.

बोट रिकामी परत गेली. शार्तान काय काय बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. नवं खाद्य आलं, हिस्टिडिन घातलेलं. ज्यांना नुसता ठिपका होता, त्यांचा तिथेच थांबला. जे पुरते पांढरे झाले होते, ते काही परत काळे झाले नाहीत. त्यांना समुद्र दिसला नाही. वाईट वाटलं, सरळ सांगतो.

बोट पुन्हा आली तेव्हा मी टाकीवर हात उचलला, आणि अख्खी टाकी उसळली, माझं जाकीट भिजलं. शार्तान म्हणतो, "आजोबा, दोन्ही डोळ्यांत पाणी?" म्हटलं, ऑपरेशनचं आहे. "पण ऑपरेशन तर एकाच डोळ्याचं झालंय ना?"

तोच तर घोळ आहे. दुसरा राहिलाय. बोरगिल रोज विचारते, तारीख कधी घेतोस? परवा मला भारी युक्ती सुचली. म्हटलं, अगं, माशांचा मोतीबिंदू खाणं बदलून थांबला, माझाही थांबेल, सुरी कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर बशी. बशीत तपकिरी दाणे, माशांच्या नव्या खाद्याच्या पिशवीतले. वर जॅम. "योरुनकडून मागून आणलेत," म्हणाली, "खा. आता बघू डोळा तुझा की माशाचा."

तुम्हाला सांगतो, एक दाणा चावून बघितला. माशांबद्दल मनात आदर होताच, तो दुप्पट झाला. मग मुकाट्यानं फोन उचलला, आणि डॉक्टरीणबाईंकडून दुसऱ्या डोळ्याची तारीख घेतली.