नळ्यांत पाणी शिरल्याबाबत

विषय: कार्बनच्या नळ्यांत विनापरवानगी पाणी शिरल्याबाबत. संदर्भ: आमची सूनबाई आणि महिनाअखेर संपणारी तिची नोकरी.

आता तुम्हाला सांगतो, मी उभा जन्म फायली सरकवलेला माणूस, मला काय कळायचं त्यातलं... पण सून जेवताना समजावते. केसापेक्षा हजारो पट बारीक नळी, आतून पोकळ. तिच्यावर प्रकाश टाकला की ती आपला प्रकाश परत देते, आणि आत रंगाचे रेणू भरले की वेगळाच प्रकाश पिते, वेगळाच देते. बाहेरून नळी तीच, आत कोण बसलंय ते बघायचं. म्हटलं, अगं, हे तर आमचं ऑफिस झालं.

बरं, ती चमक दाखवायला आम्हा दोघांना प्रयोगशाळेत नेलं, तर बाटलीत काळं पाणी, त्यात बंद टोकांच्या नळ्या. म्हणे, "डोळ्यांना नाही दिसत, बाबा, यंत्राला दिसते." आमची ही म्हणाली, "मग यंत्रालाच बोलवायचंस. मी कशाला एवढी नटून आले?"

तर रंगाची चमक यंत्रात दिसली तरच नोकरी पुढे चालू. सूनबाईने नळ्यांची टोकं उघडली, रंग उद्या भरू म्हणून झाकून ठेवल्या. आणि तिचे साहेब... धुतलेला कप पुन्हा धुणारा माणूस हो! टेबलावर झाकणाखाली काजळीसारखं काहीतरी दिसलं, तर स्वतःच्या हातांनी पाण्यात खळबळून ठेवलं. वर म्हणतात, "आता कसं स्वच्छ वाटतंय." उघड्या टोकांतून पाणी आत जाऊन बसलं, रंगाला जागाच उरली नाही. यंत्रात बघावं तर उजेड मंद आणि जरासा तांबड्याकडे सरकलेला. बाहेरून नळी तीच, पण आत कोण बसलंय?

उपाय आहे ना. तापवायचं, हवा ओढून घ्यायची, पाणी घालवायचं, मग रंग. त्याला हवी मुदतवाढ. ती कोण देणार? साहेब. सूनबाई म्हणाली, "खरं लिहिलं तर ते चिडतील, आणि खोटं मी लिहिणार नाही." मग अर्ज मी लिहिला. दोष कुणाच्याच अंगाला चिकटू नये असं लिहिण्यातच माझी हयात गेलीय... 'नमुन्याचा पाण्याशी संपर्क आल्याने विलंब झाला आहे.'

साहेबांनी वाचला, हळहळले, आणि शेरा मारला: 'असा निष्काळजीपणा कोणी केला, याची आधी चौकशी व्हावी.' चौकशी अधिकारी म्हणून स्वतःचीच नेमणूक केली.

चौकशी चालू आहे. अर्ज प्रलंबित आहे.