साहेबाचा गोल्फ आन माझं खळं

आज हसताय, पर त्या दिवशी माझ्या जागी आसते तर तुमीबी पेटले आसते.

दुसऱ्या दिवशी ज्वारीची मळणी होती. बायकोनं चार दिवस राबून खळं चोपलं, शेणानं सारवलं. मधोमध तिवड्याचा खड्डा खांदून, बैलं जुंपायचा तो खांब आणायला मी गाडी घेऊन गेलतो.

परत येतो तर तलावाच्या मोजणीला आलेला गोरा साहेब बूट घालून ओल्या खळ्यात उभा. माझ्या सहा वर्षांच्या सोनीसकट गावातली बारकी पोरं काठीनं चेंडू हाणत होती. अवो, खळ्यात आमी वहाणा घालून पाय ठेवत न्हाई.

साहेबाच्या चपराशाला विचारलं, "हे कावून?"

"पोरांना गोल्फ शिकवतोय. म्हणतो, येवढी गुळगुळीत जागा, बरोबर मधी भोक. या गावाला खेळ आधीच ठावा हाय."

माझं डोकं फिरलं. गाडीतला तिवडा उचलला आन दाणकन खड्ड्यात रोवला. म्हणलं, "आता हाण चेंडू."

साहेब टाळ्या वाजवायला लागला. चपराशी म्हणला, "लई खूश झाला. त्यांच्यातबी भोकात काठी रोवत्यात, वर झेंडा लावत्यात. झेंड्याला तुझा पटका मागतोय."

मी पोरं बाहेर हाकलली, पटका घट्ट धरला आन गाडीची दोन्ही बैलं खळ्यात सोडली. साहेब पळाला, त्यात त्याचा एक बूट निसटून मागंच राहिला.

शेवटी एक पाय तरी त्यानं माझ्या खळ्यात अनवाणी ठेवला.