सावंतभाऊंचे नवे ब्रेक

"तळमजल्यावरच्या सावंतांनी सायकल चालवणं सोडलं, रोज ढकलत आणतात, बहुतेक गुडघे..." एवढं कानावर आलं आणि लिफ्टचं दार बंद! मला कुठला धीर? गरम थालीपीठ घेऊन थेट त्यांच्या घरी.

"भाऊ, गुडघे दुखतात?"

वहिनीच म्हणाल्या, "गुडघे ठणठणीत आहेत हो! सासऱ्यांच्या त्या लोखंडी सायकलचे ब्रेक वेळेवर लागतच नव्हते. म्हटलं, नवे बसवा, नाहीतर सायकल भंगारात. मग यांनी कल्याणहून चाकांसकट नवे बसवून आणले."

"मग ढकलता कशाला?"

भाऊ ओशाळले. "दारात थांबायला चाळीस वर्षं अलीकडच्या पिठाच्या गिरणीपाशीच ब्रेक दाबायचो. हात अजून तिथेच दाबतात. आता सायकल तिथेच थांबते. उरलेल्या अंतरासाठी परत कोण चढणार?"

म्हणजे बातमी गिरणीपर्यंत खोटी, पुढे दारापर्यंत खरी.