नव्या बंदुकीचं कुंकू

नवी बंदूक घेतली तर आधी आईला दाखवू नका, एवढंच सांगतो. मी दाखवली. तिनं ओवाळलं आणि नळीच्या टोकाला, बरोबर नेम धरायच्या माशीवर, ओलं कुंकू लावून वर अक्षता चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी वडगावच्या माळावर सरावाला गेलतो. यंत्रातनं मातीच्या तबकड्या हवेत सुटत होत्या आणि माझ्याच्यानं एकबी फुटत नव्हती.

कोच म्हणाले, "माशीकडं बघतोयस. नजर तबकडीवर ठेव."

"कुंकवावरनं नजर हालत न्हाय, सर."

"मग पूस की."

"आईनं लावलंय. तुम्ही पुसा."

कोचनी कुंकवाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मी कशाला पुसू?" म्हणाले आणि मागं सरकले.

मी तसाच मारत राहिलो. दर वेळी बार उडला की धक्क्यानं अक्षता गळत गेल्या, कुंकूबी झडलं, आणि शेवटची तबकडी फुटली.

घरी आलो तर आई दारातच. "फुटल्या का?"

"एक फुटली."

तिनं नळीचं टोक निरखून बघितलं.

"सगळं गळून पडलं, तरी एक फुटली. उद्या गुळाच्या पाकात चिकटवते."