बाई अजून टेबलावरच आहे

…नाही, मी म्हणतो, माणसानं काही वाचूच नये का? दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून मी सगळ्या जगाला वाचायला लावतो, 'आजी, खालची ओळ दिसते का?', 'काका, आता बघा', आणि स्वतः काउंटरआड कादंबरीची दोन पानं वाचली तर घरी केवढा गहजब! तुम्हाला सांगतो, आमच्या हिनं माझं बायबल उघडलं, तर आतली लाल फीत मार्च महिन्यापासून एकाच पानावर! आणि कादंबरीतली खूण? ती आपली रोज वीस-वीस पानं पळतेय. झालं! 'अहो, लाज वाटते का काही? आजपासून आधी अध्याय, मग प्रकरण!'

म्हणजे बायबलचा एक अध्याय वाचला की कादंबरीचं एक प्रकरण; दुकानातसुद्धा चोरून वाचायचं नाही, असं बायबलवर हात ठेवून वचन घेतलं. मी म्हटलं, एवढंच ना? आता ती फीत कुठे होती माहितेय? बायबलातल्या 'इतिहास' नावाच्या पहिल्या पुस्तकात! ज्यांनी वाचलंय ते हसतायत बघा… नावं हो! नऊ अध्याय नुसती नावं! ह्याला तो झाला, त्याला हा झाला… आणि ही समोर बसून परीक्षा घेणार, 'हं, सांगा, कुणाचा मुलगा कोण?' मी चुलत्याला बाप करून टाकायचो. 'नापास. पुन्हा वाचा. आधी अध्याय, मग प्रकरण!'

बरं, कादंबरी कुठे अडकली होती? एक शिवणकाम करणारी बाई, नवरा गेलेला, एकुलती मुलगी बारा वर्षं तिच्याशी बोलत नाही. बाई ऑपरेशनच्या टेबलावर, मुलगी हॉस्पिटलच्या फाटकाशी येऊन थांबलेली, आत जाऊ की नको, जाऊ की नको… आणि प्रकरण संपलं! आता मला सांगा, अशा वेळी माणसाचं नावांत लक्ष लागेल?

तर आमच्या चर्चमधली बुधवारची प्रार्थनासभा. पाळकसाहेब नेहमीसारखे सावकाश विचारतात, 'कुणाचा… काही… प्रार्थनेचा विषय?' आणि माझं तोंड उघडलं हो! डोकं त्या फाटकापाशी ना! म्हटलं, 'एका बाईचं ऑपरेशन आहे. शिवणकाम करते बिचारी. मुलगी तोंड बघत नाही.' आणि मीच रुमाल काढून डोळे पुसले! सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. ही हळूच विचारते, 'कोण हो?' घाबरून बोलून गेलो, 'दुकानात येते.' इथे फसलो. तोवर नुसता मूर्खपणा होता, आता खोटं झालं.

पुढचा बुधवार. सगळ्यांचा एकच प्रश्न, 'बाई कशा आहेत?' मला काय ठाऊक! आठ दिवसांत पहिल्या अध्यायात पास झालो नव्हतो मी! खरं तेच सांगितलं, 'अजून टेबलावरच आहेत.'

आमच्यात एक मावशी आहेत, रिटायर्ड नर्स. त्या म्हणाल्या, 'आठ दिवस? टेबलावर? अरे, कसलं ऑपरेशन आहे? डॉक्टर कोण?' मी म्हटलं, 'अवघड आहे, मावशी.' पाळकसाहेब उठून उभे राहिले. 'मंडळी, ही साधी गोष्ट नाही. तीन दिवस उपास धरू या.'

उपास! घरी येऊन मी हिला म्हटलं, अगं, एकच प्रकरण वाचू दे, जीवनमरणाचा प्रश्न आहे! ही काय म्हणाली असेल? बरोबर. आधी अध्याय, मग प्रकरण!

उपासाच्या दुसऱ्या दिवशी मावशी दुकानात आल्या. शुगर असलेली बाई, ओठ सुकलेले. डोळे तपासायच्या खुर्चीत बसल्या. म्हटलं, मावशी, खाऊन घ्या हो काहीतरी! तर म्हणतात, 'माझं राहू दे रे. तिची मुलगी परत आली पाहिजे. माझा मुलगा नऊ वर्षं बोलला नाही माझ्याशी. तिचं जमलं, तर वाटतं माझंही जमेल.'

तुम्हाला सांगतो, इतकी शरम मला जन्मात वाटली नव्हती. आधी बिस्किटं आणि चहा त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, 'मावशी, ती बाई नाहीच. ती ह्या पुस्तकात आहे.' त्यांनी पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसते. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि म्हणाल्या, 'आण इकडे.'

घेऊन गेल्या! पुढच्या बुधवारी मी सगळ्यांसमोर उभा राहून कबुली दिली. पाळकसाहेब म्हणाले, 'मग बाईंचं नाव प्रार्थनेच्या यादीतून काढू या.' तर मावशी कडाडल्या, 'खबरदार! मी एकशे दहाव्या पानावर आहे!'

आता पुस्तक मंडळीत फिरतंय. नंबर लागलेत, आणि खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून माझा नंबर सगळ्यांत शेवटी. मावशींनी तर वाचून झाल्या झाल्या मुलाला फोन केला. त्यानं उचलला नाही. पण रिंग गेली म्हणाल्या, नंबर तोच आहे अजून. रोज करतात. पाळकसाहेबांचंही झालं, मला दुकानात भेटले, खांद्यावर हात ठेवला, सुस्कारा सोडला आणि निघून गेले.

काल आमच्या हिचं वाचून झालं. हिला अध्यायाची अट नाही बरं का! हमसून हमसून रडत होती. मी समोर नावं पाठ करतोय. न राहवून विचारलं, 'अगं, एवढं तरी सांग, वाचली का ती बाई?'

पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणते कशी, 'प्रार्थना करा.'