सुस्कारा टाकायची चोरी

...आणि तुम्ही हसताय! या ना वर, बसा माझ्या जागी खोगिरावर, मग हसा! नाही हो, मला थांबता येणार नाही, तुम्हीच कुंपणाच्या कडेकडेने चालत या, मी बोलायची थांबले की हा थांबतो, का ते सांगते. तर हा जावईबापू. खरं नाव वेगळं, पण मनाविरुद्ध झालं की रुसून बसतो म्हणून अख्खा तबेला याला जावईबापूच म्हणतो. आणि आमचा खेळ ड्रेसाज! म्हणजे उडी नाही, शर्यत नाही, घोड्याने नाचल्यासारखं डौलात चालायचं आणि स्वाराने आपण काहीच करत नाही असं दिसायचं! मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, चाबूक नाही, टाचेला काटे नाहीत, लगामाला हिसका नाही, हा नोकर नाही, जोडीदार आहे, जबरदस्ती नाही म्हणजे नाही! आमचे शिकवणारे सर म्हणाले, "अगं बाई, घोडा आहे तो! त्याची सभा काय घेतेस?"

मग थांबवायचं कसं? श्वासाने! लांब श्वास सोडायचा, पाठ सैल करायची, थांबला की मान खाजवायची. लगेच शिकला हो! मी तर हवेत! आणि मग... हा कुठेही थांबायला लागला. कोपऱ्यात, वळणावर, पाण्याच्या नळासमोर! मी म्हटलं, नाही म्हणायचा त्याला हक्क आहे. बसून राहायचे उन्हात, त्याचं मन वळेपर्यंत. सर छत्री घेऊन यायचे, "काय, आज कशाचा निषेध आहे साहेबांचा?" मी म्हणायचे, सर, जबरदस्ती नाही! "बरं," म्हणाले, "रविवारी परीक्षकांसमोर सगळा कार्यक्रम पुरा कर. नाही जमलं तर सोमवारपासून जावईबापू कप्तानाकडे." कप्तान म्हणजे आमच्यातला तो जुना स्वार, त्याच्या टाचांच्या काट्यांचे वण याच्या बरगड्यांवर अजून आहेत!

रविवार. मैदानाच्या मधोमध आलो, थांबलो, मान लववली. झकास! मी म्हटलं, हुश्श... आणि याचा खांब! पोटरीने हळूच सुचवलं, निघाला, मी हुश्श, हा खांब! पुन्हा निघाला, हुश्श, खांब! माझ्या डोळ्यांसमोर कप्तानाच्या टाचा, आणि बाकावरून आमच्या मातोश्री, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात, "अगं, घरी टाकतेस ते सुस्कारे पुरत नाहीत का तुला?"

डोक्यात लख्ख! अहो, हा नाही म्हणतच नव्हता! हा हुकूम पाळत होता! मी वैतागून सुस्कारे टाकतेय, हा बिचारा प्रत्येक सुस्काऱ्याला सावधान, आणि मी त्याला त्याचं स्वातंत्र्य म्हणतेय! आता सुस्कारा अडवायचा कसा? बोलून! कॉलेजच्या वादविवादातलं भाषण पाठ होतं, तेच सुरू केलं, थेट 'अध्यक्ष महाराज'पासून, पूर्णविराम न घेता, आणि हा काय चालला म्हणून सांगू! कान माझ्याकडे, पाठ झुल्यासारखी, मी मनात वळण आणायचा अवकाश, हा वळलेला! परीक्षक ओरडतायत, "स्वाराने बोलायचं नसतं, गुण कापतोय!" कापा! शेवटून पहिली आले, पण पुरं केलं. सरांनी शब्द पाळला, हा माझ्याकडेच राहिला.

आणि मी अडकले! त्याची सुटका झाली, माझी कोण करणार? याच्या पाठीवर सुस्कारा टाकायची चोरी! कंटाळा आला, बोला. पाय दुखला, बोला. सर येऊन माझ्या तोंडावर कप्तानाचं कौतुक करतात, तरी बोला... काय म्हणता? घोडा राहिला ना, आता तरी सुटकेचा श्वास सोड? खरंय हो तुमचं. तेवढं तरी... हुश्श...

झालं. थांबला. नाही, ढकलू नका त्याला, जबरदस्ती नाही म्हणजे नाही! खुर्ची? नको, मी बसलेलीच आहे.